रशीदमामूंची अकरा वर्षं

रशीदमामूंना फसवणारा पहिला माणूस मी.

कंपनीचा नंबर माझ्यानंतर.

आज मामूंना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे लिहायचं टाळत आलो. आज लिहून टाकतो. ज्याला शिव्या द्यायच्यात त्यानं खाली कमेंटमध्ये खुशाल द्याव्यात.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मामूंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. बोअरची मोटार जळाली की गावोगावची माणसं ती टमटममध्ये घालून मामूंकडं आणायची. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची. नोकर नाही, पार्टनर नाही. दुकान बंद म्हणजे कमाई बंद.

समोरच माझं झेरॉक्सचं दुकान. सोबत हेल्थ इन्शुरन्सची एजन्सी.

गल्लीतली भिशी मामू चालवायचे. आम्ही वीस दुकानदार दर महिन्याला पैसे भरायचो, ज्याची चिठ्ठी निघेल तो उचलायचा. पण मामूंचा एक नियम होता. कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर त्या महिन्यात चिठ्ठी टाकायची नाही. सगळी भिशी त्या घरी.

माझ्या आईच्या ऑपरेशनला मीच उचलली होती. कुणी हूं की चूं केलं नाही.

तेव्हा मी नवा एजंट होतो. डोक्यावर टार्गेट. मामू काही केल्या पॉलिसी घेईनात.

"म्या धडधाकट हाय. मला काय करायचं ते?"

मग मी ते वाक्य बोललो.

"मामू, ही पण भिशीच समजा. फक्त मोठी."

"अस्सं? मग आधी सांगायचं की!"

लगेच सही. फॉर्म वाचलासुद्धा नाही. भिशी म्हटल्यावर मामू कशाला फॉर्म वाचतील!

अकरा वर्षं हप्ते भरले. एकदाही क्लेम नाही. मध्ये मनगट मोडलं, त्याचा खर्चही खिशातून केला. म्हणाले, "येवढ्यासाठी कुठं नंबर उचलायचा?"

सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढायला सगळी गल्ली रांगेत उभी होती. मामू गेले नाहीत. "माझं हाय की कंपनीचं."

कंपनी मात्र दरवर्षी प्रीमियम वाढवत गेली. कधी वय वाढलं म्हणून, कधी दवाखाने महागले म्हणून. सोबत मोबाईलवर मेसेज, रोज दहा हजार पावलं चाला. मामू मला मेसेज दाखवून हसायचे. "दिवसभर बसून तार गुंडाळतो म्या. ही पावलं कवा टाकू?"

साठी ओलांडली आणि प्रीमियम एकदम दुपटीला जाऊन भिडला.

मामू आकडा बघून म्हणाले, "सरकारी नोकरीवाल्याचं सरकार बघतं. कारखान्यातल्याचं मालक बघतो. माझा मालक म्याच. म्या कुणाकडं मागू?"

मामूंनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"संतोष, असं कर. यंदा माझा हप्ता राहू दे. पुढल्या साली भरतो. अकरा वर्षं टाकल्यात, नाव थोडंच कापत्यात?"

त्यांच्या भिशीत खरंच कापत नसत.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मामू, इथं कापतात. मुदत गेली की सगळं जातं, परत भरायचं म्हटलं तर नवा फॉर्म, नव्या तपासण्या, या वयात घेतील की नाही तेही माहीत नाही.

मी म्हणालो, "बरं मामू."

का? कारण सांगितलं असतं तर मामूंनी विचारलं असतं, "मग भिशी का म्हणलास?"

चार महिन्यांनी छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी आजच अ‍ॅडमिट व्हा म्हणून सांगितलं. मामूंनी पहिला फोन मला केला. आवाजात भीती नव्हती. "चल बाबा, आपला नंबर काढायचा टाइम आला."

दवाखान्याच्या काउंटरवर अ‍ॅडव्हान्स मागितला. मला सगळं माहीत होतं. तरी मी कस्टमर केअरला फोन लावला, स्पीकरवर. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्या पोरीच्या तोंडून ऐकवलं. इतका मी नालायक.

"सर, आपकी पॉलिसी लॅप्स हो चुकी है. क्या आप नई पॉलिसी लेना चाहेंगे?"

मामूंनी माझ्याकडं बघितलं.

"लॅप्स म्हंजे?"

"बंद पडली, मामू."

"अन् आधीची अकरा वर्षं?"

"गेली."

मामू बाकावर बसले. म्हणाले, "म्हंजे भिशीवाला पळाला."

मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उठले आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ. उद्या पैशाची सोय करून येऊ." डॉक्टर नको म्हणत होते, मी हात धरला, पण मामूंनी ऐकलं नाही.

गल्लीत बातमी पोचली. त्या महिन्याची चिठ्ठी कुणी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडायच्या आधी आम्ही सगळे पैसे घेऊन मामूंच्या घरी गेलो.

दारात मामी उभ्या होत्या. मामू पहाटेच्या नमाजला उठलेच नव्हते.

चाळिसाव्याला गेलो. मामींनी मला आत बोलावलं, चहा दिला. पॉलिसीच्या सगळ्या पावत्या त्यांनी पिशवीत नीट ठेवल्या होत्या.

"बेटा, रागानं न्हाई इचारत. आमची अकरा वर्षं कुणी उचलली?"

मामींनी पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"कुणी बी उचलू दे. पर त्याचं माणूस तरी वाचलं का?"

मामी, मला माहीत नाही.

रशीदमामू, जड मनानं श्रद्धांजली. आणि जिवंतपणी मागायला हवी होती ती माफी.