तिसऱ्या फळीवरचा ट्रॅक्टर

आमच्या गावच्या वाचनालयाचं कपाट एवढं मोठं आहे, की त्यात बैलगाडी बैलांसकट आत जाईल आणि वळून बाहेर येईल. शंका असेल त्यानं टेप घेऊन यावं. कुणी त्याची धूळ झटकली, की तिकडं कुरुंद्यात लोक शिंकतात.

सोयाबीन निघालं आणि ग्रामसभा भरली. माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, गावचा उपसरपंच आहे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "वाचनालयाची खोली खताच्या दुकानाला देऊन टाकू. कपाट रद्दीत. गावात वाचतंय कोण?"

मी उठलो. "मी वाचतो."

गाव असं हसलं, की पुसेगावच्या म्हशी दचकल्या असतील.

"तू? बँकेचा फॉर्म बी दुसऱ्याकून भरून घेतो लेका!" दादा म्हणाला.

मला राग आला. गावात बसायला जागा पुष्कळ आहेत. पण बसल्यावर कुणी काम सांगत नाही, जात विचारत नाही, मत मागत नाही अशी ती एकच खोली होती. तिथं युरियाची पोती? मी म्हणालो, "दादा, होळीपर्यंत अख्खं कपाट वाचून काढतो. वाचलं, तर खोली ऱ्हाईल. न्हाई वाचलं, तर कपाट मीच डोक्यावर घेऊन रद्दीवाल्याकडं जातो."

"लिहून घ्या!" दादा ग्रामसेवकावर ओरडला. असं ते सभेच्या इतिवृत्तात आलं.

घरी बायकोनं भाकरी ताटात आपटली. "नाल्यात मगर पाह्यली म्हणून सांगितलं व्हतं तुमी गावाला. खरंच वाचलं, तरी खरं मानणार कोण?"

"मगर होती."

"घोरपड होती."

दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसलो. पहिली फळी संपेपर्यंत चष्म्याची काच आतून झिजली. दुसऱ्या फळीवरची उंदरं माझ्या आधीची वाचक. अभंगाच्या पोथ्यांना त्यांनी तोंड लावलं नव्हतं, रहस्यकथा मात्र नेमक्या खून होतो तिथंच कुरतडल्या होत्या. तूर आली, गेली, मी मान वर केली नाही. लोक रस्त्यानं जाताना हाका मारत, "काहून, डोळे फोडून राहिला का?" मी पान उलटून उत्तर देत असे.

मग हळद निघाली आणि मला वाचनालयात बसायला वेळ मिळेना. म्हणून पुस्तकं शेतात आणली. इकडं पिंपाएवढ्या कुकरमध्ये हळद शिजतेय, वाफेनं अख्खं शिवार दिसेनासं झालंय आणि मी पोत्यावर बसून मोठ्यानं वाचतोय. मोठ्यानं का, तर बायकोनं दम दिला होता, "मनातल्या मनात वाचलं तर झोपले म्हणीन." मी कुकरचं झाकण उघडायला उठलो, की पुस्तक तिच्या हातात जाई. परत येईपर्यंत ती चार पानं पुढं गेलेली असे. त्या पुस्तकांच्या कडांवर पिवळे अंगठे आहेत. मोठे माझे. लहान कुणाचे, ते मी सभेत बोललो नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढं गर्दी जमली. दादानं तिसऱ्या फळीवरची सगळ्यात जाड कादंबरी उचलली. "सांग, काय हाय याच्यात?"

मी सांगू लागलो. ती पोरगी, पेटत्या मांडवात लागलेलं तिचं लग्न, तिचा दीर, नदीला आलेला पूर. लोक मोबाईल खाली ठेवून ऐकू लागले. आता खरं सांगायचं, तर त्या कादंबरीचा शेवट मला अजिबात पसंत नव्हता. एवढी खमकी बाई, आणि लेखकानं तिला शेवटी रडत माहेरी पाठवली! मी तो शेवट दुरुस्त केला. बाईनं दिराला कोर्टात पाडलं, वाटणी घेतली आणि ट्रॅक्टर विकत घेतला.

"ट्रॅक्टर?" दादा उडालाच. "पुस्तक केव्हाचं, अन् ट्रॅक्टर? फेकून राहिला हा!"

"मंग सांग, खरा शेवट काय?"

दादानं शेवटचं पान उघडलं, पण त्यातली माणसं कोण कुणाची, ते त्याला उमजेना.

"कुणी वाचलंय?" मी गर्दीवर नजर फिरवली. बायको पदर तोंडाला लावून आभाळात बघत होती. "न्हाई ना? मग मी खोटं बोललो हे कशावरून?"

"मी दाखवतो तुला!" दादानं कादंबरी काखेत मारली आणि घर गाठलं. त्याचं बघून पाच-सहा जण कपाटाशी धावले. बाकीच्या पुस्तकांचंही मी आधीच काय काय सांगून ठेवलं होतं, आणि मला पकडायची संधी कोण सोडेल?

दादा कितीतरी दिवस दिसला नाही. भावजय सांगे, जेवायला हाका मारल्या तरी "थांब, पूर येऊन ऱ्हायला" म्हणतो.

शेवटी तो आला, डोळे लाल. चहाच्या हॉटेलापुढं गर्दी गोळा करून गरजला, "ट्रॅक्टर न्हाई! कुठंच न्हाई! ती रडत माहेरी जाते!" आणि मग कसं कसं झालं ते त्यानं इतक्या तन्मयतेनं सांगितलं, की चहा उतू गेला तरी हॉटेलवाला हलला नाही. सांगून झाल्यावर दादा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पण लेका, ट्रॅक्टर घ्याया पाह्यजे व्हता तिनं."

"व्हय ना?"

"लेखकाला अक्कल न्हाई." मग म्हणाला, "त्याचंच दुसरं एखादं हाय का कपाटात?"

खताचं दुकान बसस्टँडजवळ निघालं. दादा आता लोकांना सांगतो, खोली त्यानं वाचवली. सांगू दे. अजूनही कुणी मला अडवून विचारतं, अख्खं कपाट खरंच वाचलं का? त्याला मी एवढंच म्हणतो, खालच्या फळीवर निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, त्यात शेवटी हत्ती विहिरीत पडतो. पडत नसेल, तर या भांडायला.