गालावरची नोंद

दुपारी उठून आरशात पाहिलं, तर गालावर चटईची नक्षी! मला एकदम दहिसरचा नाका आठवला.

ऐंशीच्या दशकात मी तिथे ट्रक आणि ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या नोंदी तपासायचो. एका ड्रायव्हरच्या वहीत 'वाटेत दोन तास झोप' अशी नोंद होती, आणि गडी तर सांगत होता की संध्याकाळी घाटकोपरला मुलीचं बारसं आहे. इतक्या घाईत झोपतं कोण?

"खोटं लिहितोस? गाडी इथेच अडकवून ठेवीन."

त्याने गाल पुढे केला. ढाब्यावरच्या खाटेची वीण त्यावर लालभडक उमटली होती. मला हसू आवरेना. सही करत विचारलं, "नाव काय ठेवणार?"

"ते माझी बहीण ठरवणार, साहेब. माझं काम फक्त धड पोचायचं."