ठकुआक्काचा हप्ता

आमच्या ठकुआक्काचा सोभाव आधी सांगते, म्हंजे पुढचं कळंल. ही माझी थोरली जाऊ. माहेरी जायची तर तेलाच्या बाटलीला कोळशानं रेघ मारून जायची. कोंबडी खुडूक बसली की रोज तिच्या पोटाखालची अंडी मोजायची. तिचा नवरा, माझे थोरले दीर, गेल्यापासनं तर तिचा कुणावरच इस्वास न्हाई. पण कामाला वाघीण! तिचं न् आमचं भाताचं खाचर बांधाला बांध लागून. वीस वर्सं आमचा पैरा, आज तिच्यात लावणी, उद्या आमच्यात. मजूर कधी बोलवला न्हाई.

सरकार शेतकऱ्याला चार महिन्यांनी दोन हजार देतं, तो तिचा हप्ता यायचा बंद झाला. एकदा न्हाई, तीनदा. नसरापूरला ऑनलाइनच्या दुकानात त्याच हप्त्यासाठी तिला अंगठा द्यायला कुणी नेलं हुतं? माझ्या मालकांनी, संपतरावांनी. झालं! आक्कानं तिथंच ताडलं.

नळावर, गिरणीत, एसटीत, जाईल तिथं तेच. "भावजींनी माझा अंगठा घेतला न् खातं आपलं लावलं." शेवटी आमच्या दारात येऊन वरडली, "नवरा न्हाई माझा, म्हणून लुबाडता व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आक्का, जीभ झडंल तुमची! या घरात पाय ठेवू नका." पैरा मोडला. रोपं लावणीला आली तरी ती तिकडं एकटी वाकल्याली, आमी इकडं दोघंच.

आता खरं सांगते. रोज तेच कानावर पडलं की माणसाचं मन बिघडतं. त्याच महिन्यात मालकांनी नवी मोटार घेतली हुती पाण्याची. पैसे कुठनं आणलं, म्या इचारलं न्हवतं. एका दुपारी ते गुरांमागं गेल्यालं बघून म्या पेटी उघडली न् त्यांचं पासबुक काढलं. एकेक ओळीवर बोट ठेवून बघत हुते, तवर उंबऱ्यात पाय वाजला.

"गावलं का काय?" त्यांनी इचारलं. रागानं न्हाई, लई हळू. मग बाहेर जाऊन गुरांना पाणी दाखवलं.

पासबुकात निस्ते दुधाचे पैसे हुते.

चार दिवसांनी आमची सुप्रिया, कॉलेजात जाणारी लेक, चिडली न् आक्काला हाताला धरून बँकेत घेऊन गेली. सायबानं आधार नंबर टाकला न् म्हणाला, "आजी, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं, तिथं हप्ता जातो. तुमच्याच नावावर दुसऱ्या बँकेत पडतायत पैसे." कुठलं खातं? तर देवळात बचत गटाच्या बैठकीला त्या बँकेचा एकजण मशीन घेऊन आला हुता. अंगठा लावंल तिचं खातं, वर स्टीलचा डबा फुकट. सगळ्यांत पुढं आमची आक्का!

सांजच्याला आली न् ढसाढसा रडली. "भावजी, चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या, वैनी," मालक मनापासनं हसले. "उद्या कुणाच्यात लावायचं, ते सांगा."

मी चुलीपाशी उभी. वाटलं, आता माझ्याकडं बघूनबी हसतील. जेवणं झाल्यावर त्यांनी पासबुक आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझ्यापाशीच असू दे," म्हणाले, न् अंथरुणाकडं गेले.

आक्का गावभर बोलली, तिला माफी मिळाली. म्या तर तोंडातनं संशयाचा एक शब्द काढला न्हवता.