पाव्हण्याचा शेवटचा पिक्चर

गजूचं नाव मोबाईलवर दिसलं आणि मी फोन उलटा करून ठेवला. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. चिखलीच्या माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात पाण्याच्या एका जळालेल्या मोटारीची तार उकलत बसलो होतो. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मनात म्हटलं, आठ महिने माझी आठवण झाली नाही, आता कशी झाली, वाजू दे. आठ महिन्यांत मीही त्याला एक फोन केला नव्हता, हे तेवढं सोयीनं विसरलो. चौथा फोन आला तो गजूच्या गावच्या, उंद्रीच्याच दुसऱ्या एकाचा, म्हणून उचलला. "दिलीपभाऊ, गजानन गेला. मेथीच्या वाफ्यात पडला, तो उठलाच नाही." आधीचे तीन फोन गजूचे नव्हतेच. त्याचा मोबाईल घरी चार्जिंगला होता. पलंगावरून हलता न येणाऱ्या सुनंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो वायरीला धरून ओढून घेतला होता आणि नवरा शेतात पडला असं कळल्याबरोबर सगळ्यात आधी मला लावला होता.

याला आता दीड महिना होईल. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहावं. गजूबद्दल चांगलं लिहायला मला काहीच कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते माझ्याबद्दल खरं लिहायचे.

आमची ओळख कॉलेजातली, आणि ती झालीच एका पिक्चरच्या तिकिटाच्या रांगेत. परदेशी गुप्तहेराचा पिक्चर, हिंदीत डब केलेला. पडद्यावर गोरा माणूस, तोंडात लखनौची भाषा. गजू माझ्या पुढं उभा होता, मागं वळून म्हणाला, "मायासाठी जागा धर बे, मी भजे घेऊन येतो." धरली. तो धरून त्या हेराचे सात पिक्चर आले, चार-चार वर्षांच्या अंतरानं, आणि सातही आम्ही शेजारी बसून पाहिले; गजू पुण्याला नोकरीला होता तेव्हाही त्यासाठी गावी यायचा. त्याचं खरं नाव भलतंच अवघड होतं, म्हणून गजूनं त्याचं नाव पाव्हणा ठेवलं. चार वर्षांनी एकदा येतो, हाणामारी करतो, सगळ्यांना वाचवतो आणि निघून जातो, मग पाव्हणाच की! आम्ही पोरसवदा होतो तेव्हा तोही तरणा होता. आमची केसं पिकायला लागली तशी त्याचीही पिकली. घरच्या माणसासारखा जीव लागला होता त्याच्यावर, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आमच्याकडं पिक्चर पाहण्याइतकाच पिक्चर सांगण्याचा रिवाज होता. एकानं तालुक्याला जाऊन पाहायचा आणि पारावर दहा जणांना सांगायचा. गजू यात पटाईत. पडद्यावरच्या पहिल्या पाटीपासून सुरुवात करायचा, मोटारींचे आवाज तोंडानं काढायचा, मध्येच थांबून "इंटरवल" म्हणायचा आणि चहा आल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. लग्न झाल्यावर त्याला कायमचा श्रोता मिळाला. वहिनींना थेटरात चक्कर यायची, अंधार सोसायचा नाही, पण गजूच्या तोंडून पिक्चर ऐकायची भारी हौस. "ह्यायच्या पिक्चरमधला पाव्हणा जास्त चांगला बोलते," असं त्या म्हणायच्या.

मग बारा वर्षांपूर्वी गच्चीवर कुरडया वाळत घालताना वहिनींचा पाय घसरला. मणका गेला. कमरेखालचं अंग गेलं ते परत आलंच नाही. मूलबाळ नव्हतं. गजूनं पुण्यातली नोकरी सोडली, गावी आला आणि घरालगतच्या तुकड्यात मेथी, पालक, कोथिंबीर लावायला लागला. घरालगतच का, तर दर दोन तासांनी घरी जाऊन वहिनींची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. दर दोन तासांनी, बारा वर्षं. लग्नकार्य नाही, जत्रा नाही, माझ्या पोरीच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या की हा गायब. पंगतीत बसलाच नाही. तेव्हा मी रागावलो होतो. त्याची एकच चैन उरली होती, पाव्हण्याचा पिक्चर आला की चार वर्षांतून एक दुपार. त्या दिवशी वहिनींची बहीण येऊन बसायची.

मला ते बघवत नव्हतं. कोंडल्यासारखं मला व्हायचं, त्याला नाही. त्याच्या घरी गेलो की ती एक खोली, औषधांचा वास, खिडकीतून दिसणारे तेच चार वाफे, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं सारखे जाणारे त्याचे डोळे. मी म्हणायचो, "अरे, महिनाभर माहेरी ठेव वहिनीले. एखादी बाई लाव. तू माणूस हायेस का घड्याळ?" तो हसून विषय बदलायचा. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, गजू संपला. माझा मित्र मला परत हवा होता, त्याच्या बायकोच्या तावडीतून. हो, तावडी हाच शब्द माझ्या मनात होता. आता लिहून टाकतो.

सातवा पिक्चर शेवटचा, असं आधीच जाहीर झालं होतं. बुलडाण्याला बाराच्या शोला गेलो. शेवट असा होता की एका जुन्या खाणीत विषारी वायू सुटलेला, बाहेर पळणारी माणसं, आणि मधे चाकाचं कुलूप असलेला जाड लोखंडी दरवाजा. पाव्हणा आत राहिलेला. बाहेर त्याचा म्हातारा साहेब. साहेबाचे हात चाकावर दिसले, दरवाजा धाडकन बंद झाला, पडदा काळा झाला. अर्धं थेटर उठलं. आमच्याकडचे लोक शेवटपर्यंत कधी बसत नाहीत, ही एसटीच्या काळापासूनची सवय. तेव्हा गाडी चुकायची भीती होती, आता स्टँडातून मोटारसायकल काढायची घाई, कारण फाटक एकच. मीही उठलो. गजू मात्र दरवेळी शेवटचं नाव जाईपर्यंत बसायचा, कारण घरी जाऊन सगळं सांगायचं असायचं.

तो बाहेर आला तेव्हा मी गाडी चालू करून उभा होतो, डोकं तापलेलं.

"पाह्यलं? ज्यायच्यासाठी जन्मभर मेला, त्यायनंच कोंडला त्याले," मी म्हणालो.

"कोंडला नाही बे. त्यानं सोता लावला दरवाजा."

"सोता कायले लावीन? साहेबाचे हात मले दिसले नं चाकावर."

"तू शेवट पाह्यला कुठं? तू तं गाडी काढाले आला."

"जे पाहाचं ते पाह्यलं मी."

चिखलीपर्यंत आम्ही भांडत आलो. तो मागं बसून शांतपणे म्हणाला, "मले तं लय बरं वाटलं पाहून." मी गाडी कडेला घेतली. माणूस बंद खोलीत गुदमरून मेला आणि ह्याला बरं वाटलं! माझ्या तोंडून निघालं, "तुले वाटनच. तुले बी तेच पाह्यजे. बारा वर्षं कोंडून घेतलं अन् आता त्यालेच मोठेपणा म्हणतं." त्यानं घड्याळ पाहिलं, खाली उतरला, मागून येणाऱ्या काळीपिवळी जीपला हात केला आणि गेला.

पुढचे काही दिवस सगळीकडं तेच. कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणे हा धोका आहे, पंचवीस वर्षं आम्हाला फसवलं, असा शेवट करायचा हक्क कोणी दिला यांना. दुसरा म्हणे असा शेवट करायला छाती लागते. एका भाच्यानं मामाला घरच्या ग्रुपमधून काढलं, इतकी वेळ आली. आता हिशेब लावला तर पहिल्या तटातले आम्ही बहुतेक सगळे गाडी काढायला उठलेले होतो. भांडण मात्र आमचंच मोठ्यानं. गजूनं एकच वाक्य टाकलं, "शेवट पाहून बोला." ते मला लागलं. मी त्याला एकट्याला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. शब्द न् शब्द पाठ आहे मला, "गजू, तू मान का नको मानू, त्याले कोंडून मारलं. अन् तुले बी घरात कोंडूनच ठेवलं हाय. फरक इतकाच, त्याच्या दरवाजाले चाक होतं." त्याचं उत्तर आलं नाही. मी हट्टाला पेटलो, येईल हा आपणहून. आठ महिने गेले...

तेराव्याला गेलो तेव्हा गर्दी होती, वहिनींशी धड बोलणं झालं नाही. त्यानंतर दुकानात बसवेना. एका दुपारी शटर अर्धं ओढलं आणि मोबाईलवर तो पिक्चर लावला. सरळ शेवटाला गेलो. दरवाजा बंद झाला, पडदा काळा झाला, आणि त्यानंतर पिक्चर चालूच राहिला. तेच पुन्हा दाखवलं, पण आतून. साहेबाचे हात चाकावर होते ते दरवाजा लावायला नव्हतेच. तो म्हातारा जिवाच्या आकांतानं दरवाजा उघडा धरत होता, पाव्हण्याला ओढत होता. पाव्हण्यानंच त्याची बोटं एकेक करून सोडवली, आतून अडसर सारला, दरवाजाला पाठ टेकून खाली बसला आणि बाहेर पळणाऱ्या माणसांच्या पायांचे आवाज ऐकत राहिला. शेवटचा पाय वाजेपर्यंत. एवढंच होतं. मी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तर मला पडद्यावर काही दिसेना. गजू खरं सांगत होता आणि मी, ज्यानं शेवट पाहिलाच नव्हता, त्याला त्याचंच आयुष्य समजावून सांगत होतो. अक्कल शिकवत होतो! आता कोणापाशी जाऊन चुकलो म्हणू?

पुढच्या रविवारी उंद्रीला गेलो. वहिनींजवळ त्यांची बहीण राहायला आलेली आहे, ती चहा टाकायला आत गेली. मी स्टुलावर बसलो. फोन उचलला नाही म्हणून माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण वहिनींनीच आधी विचारलं, "भाऊजी, पाव्हण्याचं काय झालं शेवटी?"

"गजूनं सांगलं नाही तुम्हाले?"

"सांगलं. पाव्हणा बाहेर निंघाला म्हणे, अन् समुद्राच्या काठी घर बांधून राह्यला. पण सांगताना भिताडाकडं पाहून राह्यले होते. इंटरवल बी नाही केला. तेव्हाच वाटलं, हे काहीतरी लपवून राह्यले. मंग तुमचा आवाज आला फोनवर. माह्या पायाले तेल लावून राह्यले होते, हात तेलाचे, म्हून तो मोठ्यानंच लागला."

तो आवाज त्यांनी ऐकला असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"ह्यायनं लगेच बंद केला," वहिनी म्हणाल्या. "म्हणे, दिल्या येडा हाय. पण मले समजाचं ते समजलं. आठ महिने एकच इचार. मीच ह्यायले कोंडलं का? इचारलं नाही कधी. इचारलं असतं तं हसले असते, अन् पुन्हा खोटं सांगलं असतं. आता कोणाले इचारू? तुम्हीच सांगा खरं. मले वाईट वाटन म्हून काही बदलू नका."

आयुष्यात इतकं अडकल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. गजूनं बायकोसाठी एक खोटं रचून ठेवलं होतं, ते मोडायचं की सांभाळायचं? पण सांभाळून त्यांच्या मनात जो काटा राहणार होता तो मीच रोवलेला होता. मी म्हणालो, "वहिनी, मी तेव्हा शेवट पाह्यलाच नव्हता. गाडी काढाले उठलो होतो. मी जे बोललो ते सगळं खोटं होतं." आणि मग मी त्यांना पिक्चर सांगितला. मला गजूसारखं सांगता येत नाही. अडखळत, मागंपुढं करत सांगितला. खाण, वायू, पळणारी माणसं, साहेबाचे हात.

"साहेब ओढून राह्यला होता त्याले? बाहेर?"

"हाव. लय जोर लावला त्यानं. मीच होतो तो, वहिनी. मी बी बारा वर्षं ओढलं गजूले."

"अन् दरवाजा?"

"त्यानं सोता लावला. आतून."

"आतून," वहिनी म्हणाल्या. "कोणाची जबरदस्ती नव्हती?"

"कोणाचीच नव्हती. गजू मले गाडीवर म्हणाला होता, पाहून लय बरं वाटलं. मले तेव्हा समजलं नाही."

बहीण चहा ठेवून गेली, तो निवला. मग त्यांनी विचारलं, "दरवाजा लावल्यावर तो आत किती वेळ होता?"

"ते दाखवलं नाही, वहिनी. पिक्चर तिथंच संपते."

"माह्याजवळ बारा वर्षं होता," त्या म्हणाल्या आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या, असं त्यांची बहीण मला नंतर दारात सांगत होती.