कुरुंद्याच्या बागेला हळद लागली

माझी धाकटी बहीण वैशाली नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं जपानात राहिली. परत कुरुंद्याला सासरी आली आणि तिनं अंगणात चक्क जपानी बाग केली. परवा फोन, "ताई, पाहायची तर आताच ये. हळद वाळवायला मामांना अंगण पाहिजे. उद्या बाग मोडून राहिले." मामा म्हणजे तिचे सासरे. मी कसली थांबते! स्कूटी काढली.

हिंगोलीहून औंढ्यामार्गे जा, पण ऊन चढायच्या आत. औंढ्याला चहा-भजी खा. पेट्रोल सोडलं तर खर्च तेवढाच. पुढं कुरुंद्याची पाटी शोधू नका, या दिवसांत शिजत्या हळदीचा वास आधी भेटतो.

बाग पाहून मी हरखलेच. पांढरी बारीक खडी, मधे तीन काळे दगड, आणि दाताळ्यानं ओढलेल्या रेघा दगडांभोवती गोल वळलेल्या. वैशाली सांगत होती, जपानात तळ्याकाठी फिरायची बाग निराळी, चहाघराकडे नेणारी पायदगडांची निराळी. ही कोरडी. खडी म्हणजे पाणी, दगड म्हणजे बेटं. ओट्यावर बसून नुसतं पाहायचं.

"पाणी न्हाई, झाड न्हाई, मंग बाग काहून म्हणायची?" मामा म्हणाले.

"जरा बसून तर पाहा, मामा."

"बसायला टाइम कुठाय?"

वैशालीचं तोंड उतरलं. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात हट्ट्याहून मदतीला आलेल्या आत्याबाई, मामांच्या थोरल्या बहीण, डोक्यावर वाफाळत्या हळदीची पाटी घेऊन आल्या आणि ती थेट मधल्या दगडावर ओतली!

वैशाली किंचाळली. आत्याबाई गांगरल्या. "अगं, मी खळं समजले! इतकं साफ दुसरं काय ठेवतंय कोणी?"

"बराबर केलं," मामा खूश. "ओता सगळी इथंच."

आत्याबाईंनी एकदा वैशालीकडं पाहिलं. "थांब रे. या बागेला आता हळद लागली. हळद लागल्यावर लगीन मोडतेत व्हय?"

थोरल्या बहिणीपुढं मामांचं काय चालणार! हसत हसत म्हणाले, "बरं, वाळवण गच्चीवर." आम्ही हळद वेचत दुपारभर खिदळत होतो.

घरी आले तेव्हा नखं पिवळी होती. जपान पाहायची हौस काही फिटली नाही, उलट वाढली. काल वैशालीचा फोटो आला. रेघा नव्या, मधल्या दगडाभोवतीची खडी मात्र पिवळीच, आणि ओट्यावर मामा. खाली तिनं लिहिलंय, "उठून न्हाई राहिले. दुसरा चहा झाला."