बेंदराच्या आदल्या दिवसाची नोंद

आमच्या घरातल्या संगणकाशेजारी एक लांबोडे रजिस्टर असते. तारीख, नाव, काम, आगमन, निर्गमन, सही असे त्याचे रकाने. आण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि औंधजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा सोबत आलेल्या सवयींपैकी ही एक. सातबारा काढायला, भरतीचा अर्ज भरायला, लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घ्यायला गाव आमच्या सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, येते आणि प्रत्येकाला सही करावीच लागते. सुट्टीत घरी आले की मलाही. या रजिस्टरची मी कैक वर्षे टिंगल केली. आता ती करत नाही, कारण एका माणसाला धुळीस मिळवण्यासाठी मला जे हत्यार हवे होते, ते त्याच पानांत निघाले.

त्या वर्षी सांगलीला माझे सूक्ष्मजीवशास्त्राचे एम.एस्सी. नुकतेच संपले होते. जतच्या कोरडवाहू रानातल्या मातीतील जिवाणूंवर मी प्रबंध केला होता आणि त्याच्या बळावर बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने मला मुलाखतीला बोलावले होते. आण्णांनी पत्र दोनदा वाचून म्हटले होते, "जा, रिपोर्ट कर." तिकीट तेवढे काढायचे राहिले होते.

मग तो गुरुवार आला. आण्णांचे दोन जुने सोबती, दोघेही निवृत्त हवालदार, सोप्यात चहा घेत होते. थोरल्या हवालदारांना सातबारा हवा होता म्हणून आण्णांनी संगणक सुरू केला आणि पडदाभर एका बाईचे असे चित्र उघडले की तिघांनीही माना वळवल्या. बंद करावे तर दुसरे उघडे, दुसरे बंद करावे तर तिसरे. शेवटी आण्णांनी बटणच बंद केले आणि तालुक्याच्या गावातून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतले. हा गृहस्थ गेली काही वर्षे आमच्या मशीनची सर्व्हिसिंग करत होता.

त्याने मशीन चालू केले, पाच मिनिटे माऊस फिरवला आणि खुर्ची मागे ढकलून हसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हे त्याला दिसत होते.

"सायेब, ह्ये आपोआप येत न्हाई. कुणीतरी आदी बगिटलेलं आसतं, मग त्ये मागं लागतं."

"इथं रजिस्टर आहे. नोंद केल्याशिवाय कुणी बसत नाही," आण्णा म्हणाले.

"भायेरच्याची नोंद. घरातल्याचं काय? आवं, घरात तरणी पोरगी हाय, नेट हाय. मी काय बोलू? ऐतवारी येतो, फॉरमॅट मारतो. समदं साफ. कुनाला काय कळायचं न्हाई."

धाकट्या हवालदारांनी कपाकडे पाहिले. आण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. जेवताना मी तिकिटाचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "आता बघू." आमच्या घरात 'बघू' हा नकाराचा शब्द आहे. धाकट्या आत्याचे शिक्षण याच शब्दावर संपले होते.

मी रडले नाही. मला खुलासाही करायचा नव्हता, कारण जो खुलासा करतो त्याच्यावर काहीतरी शिल्लक राहतेच. माझी दोन उद्दिष्टे होती: बेंगळुरूची वाट पुन्हा मोकळी करणे, आणि त्या माणसाला त्याच सोप्यात, त्याच दोन हवालदारांसमोर, त्याचे वाक्य गिळायला लावणे. पहिले उद्दिष्ट अधिक महत्त्वाचे होते, पण मन दुसऱ्यावरच अधिक रमत होते. यात लाजण्यासारखे काही आहे असे मला आजही वाटत नाही.

हाताशी रविवारपर्यंतचा वेळ होता. तो येऊन फॉरमॅट करणार, म्हणजे सगळे पुसून टाकणार. आणि 'कुनाला काय कळायचं न्हाई' हे त्याचे आश्वासन सर्वांत जास्त त्यालाच सोयीचे होते.

आण्णांनी रविवारपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही असे फर्मावले होते. दुपारी मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवले आणि कामाच्या रकान्यात लिहिले, 'तपास'. त्यांनी ती नोंद बराच वेळ पाहिली. रीतसर नोंद करून बसणाऱ्याला उठवण्याचा नियम त्यांनीच केलेला नव्हता.

काहीही न पुसता मी फक्त पाहत गेले. मशीनवर एक नव्हे, दोन अँटीव्हायरस निघाले. एक त्या दुरुस्तीवाल्याने टाकलेला. दुसरा आण्णांनी साताऱ्याहून आणून स्वतः बसवलेला.

"दोन कशाला, आण्णा?"

"डबल संत्री. एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा राहतो."

पहाऱ्याच्या चौकीवर हे योग्य असेल. इथे मात्र दोन्ही पहारेकरी एकमेकांनाच घुसखोर समजून झडती घेत बसले होते आणि खरा चोर त्यांच्यामधून ये-जा करत होता. मशीन बैलगाडीच्या चालीने का चालते, याचे उत्तर मिळाले. आण्णांना मी ते सांगितले नाही. राखून ठेवले.

दुरुस्तीवाल्याने टाकलेला अँटीव्हायरस चोरीचा होता. त्याचे कुलूप तोडणारी एक छोटी फाइल, बोलीभाषेत क्रॅक, एका फोल्डरमध्ये होती; आणि त्या फोल्डरकडे कधीही पाहू नये, अशी सूचना त्याच अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये कुणीतरी देऊन ठेवली होती. जाहिराती उघडणारा प्रोग्राम त्याच फोल्डरात जन्मला होता. त्याच्या जन्माची वेळ अकरा वाजून एकतीस मिनिटे. मशीनच्या स्वतःच्या संरक्षणाची नोंदवही पाहिली, तर ते संरक्षण त्याच दिवशी अकरा पंचवीसला हाताने बंद केलेले. मी रजिस्टर मागे चाळत गेले. तो बेंदराचा, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाचा, आदला दिवस होता. आण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: काम, सर्व्हिसिंग. आगमन ११:१०. निर्गमन १२:४५. शेवटच्या रकान्यात त्याची झोकदार सही. आणि मी त्या वेळी सांगलीत प्रात्यक्षिक परीक्षा देत होते.

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो प्रबंधाचा निकाल हाती आल्यावरही झाला नव्हता.

परंतु एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, हे मला शिकवले गेले आहे. शुक्रवारी पहाटेच्या एसटीने मी सांगलीला गेले. ती क्रॅकची फाइल लाल चिकटपट्टी गुंडाळलेल्या पेनड्राइव्हवर, रोगाचा नमुना नेतात तशी सोबत नेली. विभागात भंगारात काढलेले दोन सारखे संगणक होते. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमची परवानगी घेऊन दोन्ही नव्याने तयार केले, नेट एका जुन्या मोबाइलवरून घेतले, म्हणजे विभागाच्या यंत्रांना धोका नको. एकावर क्रॅक चालवला, दुसरा तसाच ठेवला; घाण काही आठवडे दबा धरून मग उघडते हे घरच्या तारखांवरून दिसले होते, म्हणून दोन्हींची घड्याळे तेवढी पुढे सरकवली. वीस मिनिटांत पहिल्यावर तीच बाई अवतरली. दुसरा शनिवारी दुपारपर्यंत निष्कलंक राहिला.

"तुझ्या जिवाणूंपेक्षा हे लवकर वाढतंय," मॅडम म्हणाल्या. "आणि मारणार कशानं?"

प्रश्न रास्त होता. गुन्हा सिद्ध करून मशीन आजारीच ठेवले, तर फॉरमॅटवाला पुन्हा लागणार होता. मला त्याची गरज कायमची संपवायची होती. सफाई करणारी चार सॉफ्टवेअर मी विभागाच्या स्वच्छ संगणकावर उतरवली आणि चौघांची परीक्षा त्या दोन भंगारांवर घेतली. पहिल्याने आजारी मशीनवर सातशेहून अधिक 'गंभीर समस्या' दाखवल्या आणि बरे करण्यासाठी पैसे मागितले. मी तेच निरोगी मशीनवर चालवले; तिथेही जवळपास तितक्याच समस्या. जे औषध निरोगी माणसालाही मरणपंथाला लागलेला ठरवते, ते विकणारा आणि आमचा दुरुस्तीवाला, दोघे एकाच जातकुळीचे. ते मी विशेष समाधानाने पुसले. दुसऱ्याने जाहिराती काढल्या, पण त्यांना रोज नव्याने जागे करणारी वेळापत्रकातली नोंद तशीच ठेवली. मशीन बंद करून चालू केले की बाई हजर. तिसरे कसून काम करणारे होते, मात्र मी मुद्दाम टाकलेला जिवाणू मोजण्याचा निरुपद्रवी प्रोग्रामही त्याने न विचारता उडवला, आणि आण्णांच्या जुन्या मशीनला त्याचा भार झेपला नसता.

चौथे सॉफ्टवेअर मशीनची यंत्रणा सुरू होण्याआधीच डीव्हीडीवरून चालणारे होते. आजारी यंत्रणा झोपलेली असतानाच ते तिची तपासणी करते. संशयितालाच पंचनामा करायला बसवू नये, हे तत्त्व त्यात होते. ते संथ होते, त्याचा चेहरा ओबडधोबड होता, पण काय सापडले, कुठे सापडले आणि ते काढायचे का, हे प्रत्येक वेळी विचारत होते. मी त्याची डीव्हीडी तयार केली. एकदा लिहिली की तिच्यावर कुणाचाही जंतू चढू शकत नाही. सफाईनंतर कायमच्या पहाऱ्याला यंत्रणेसोबत आलेले संरक्षणच ठेवायचे, फक्त ते बंद करण्याचा अधिकार योग्य हातात द्यायचा, असे ठरवून मी शनिवारी संध्याकाळी घरी परतले.

रविवारी दुरुस्तीवाला आला तेव्हा दोन्ही हवालदार सोप्यात होते. मीच त्यांना निरोप धाडला होता.

"ताई, सरका वाईच. अर्ध्या तासाचं काम हाय," तो म्हणाला.

"आधी सही."

त्याने सही केली. मी मागचे पान उघडून दोन्ही सह्या शेजारीशेजारी दिसतील असे रजिस्टर धरले. "ही पण तुमचीच ना?"

"माजीच की. बेंदराच्या आदी आल्तो."

"अकरा दहा ते पावणेएक. अकरा पंचवीसला तुम्ही संरक्षण बंद केलं. अकरा एकतीसला ही घाण जन्माला आली. मी त्या वेळी सांगलीला परीक्षेत होते."

तो हसला, पण गुरुवारसारखा नाही. "कॉम्प्युटरचं टायमिंग चुकतंय, ताई. लय जुनं मशीन हाय."

याच वाक्याची मी वाट पाहत होते. "त्याच दिवशीची तुमच्या आधीची नोंद. सातबारा, आगमन साडेदहा. संगणकात तो सातबारा दहा बत्तीसला उतरलाय. घड्याळ बरोबर होतं."

थोरले हवालदार पुढे वाकले. "व्हय, ती सही माजी. झुली आनाय जायाचं हुतं म्हनून सकाळच्याला आल्तो. दहा मिन्टात काम झालं."

मग मी सांगलीचा प्रयोग सांगितला, दोन भंगारांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "आवं, ओरिजिनल कुनाला परवडतंय? समद्यास्नी ह्येच टाकतो. त्यात काय आसतंय मला तरी काय म्हाईत?"

"माहीत नव्हतं, तर गुरुवारी इतक्या खात्रीनं कसं बोललात?"

"चुकलं म्हना. सोडा आता."

"इथं बोललात, इथंच उभं राहून सांगा. आणि कामाच्या रकान्यात लिहा."

त्याने आण्णांकडे पाहिले. आण्णांनी पेन त्याच्यापुढे सरकवले. तो खालच्या आवाजात म्हणाला, की ताईचा काही दोष नाही, घाण माझ्या सीडीतून आली. धाकटे हवालदार म्हणाले, "आयकू आलं न्हाई गड्या. गुरवारी आवाज मोटा हुता." दुसऱ्यांदा आवाज पुरेसा निघाला. लिहिताना त्याने पेन तीनदा झटकले. पेन उत्तम चालत होते.

तो निघू लागला, तर मी म्हटले, "निर्गमन अजून झालेलं नाही. बसा." डीव्हीडी घातली आणि पुढचे दोन तास त्याला समोरच्या खुर्चीवर बसवून, सापडलेली प्रत्येक फाइल मोठ्याने वाचत काढून टाकली. आईने तेवढ्या वेळात सर्वांना दोनदा चहा दिला. त्याला एकदाच. शेवटी आण्णांचा 'डबल संत्री'ही मी काढला आणि तेव्हा, सर्वांसमोर, तो काय करत होता ते सांगितले. थोरले हवालदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. आण्णांचे कान लाल झाले. ते मी पाहिले आणि मला बरे वाटले.

कारण माझा हिशेब त्या माणसापाशी संपणारा नव्हता. परक्याने एक वाक्य टाकले आणि वडिलांनी चार दिवस माझ्याशी नजर मिळवली नाही. सोमवारी ते म्हणाले, "तिकीट काढलं का?" बाकी एक शब्द नाही. मी म्हणाले, "बघू." आणि दुपारी काढले.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी संगणकाची व्यवस्था बदलली. प्रशासक मी. आण्णांसह सगळे साधे वापरकर्ते. काहीही नवे बसवायचे असेल तर माझा पासवर्ड लागणार. आण्णांना रीतसर समजावून सांगितले. त्यांनी "ओके" म्हटले, त्याचा अर्थ मात्र त्यांना बहुधा नंतर कळला.

मुलाखत झाली, निवड झाली, मी बेंगळुरूला रुजू झाले. दुसऱ्या महिन्यात प्रयोगशाळेत असताना आण्णांचा फोन आला.

"पोरी, नवीन प्रिंटर आणलाय. मशीन तुझी परमिशन मागतंय."

"दूरवरून पाहते. पण काम काय आहे?"

"सांगितलं की. प्रिंटर."

"नोंद केली?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग पान उलटल्याचा आवाज आला, पेनाचे टोपण काढल्याचा आला. माझ्या हातात नमुन्यांच्या बारा नळ्या होत्या. मी त्या एकेक करून, अजिबात घाई न करता भरल्या, झाकणे लावली, रॅकमध्ये ठेवल्या.

"केली," आण्णा म्हणाले. "सही पण केली."

"थांबा," मी म्हणाले आणि हातमोजे काढायला लागले.