फोडलेला भाव

"ते घोंगडं बाहेर ठेव. वास मारायलंय."

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. बानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, घडी घातली, अंगणातल्या दगडावर ठेवलं. मग ओसरीची पायरी चढायला लागला तर तो म्हणाला, "तिथंच बस की. हवा लागती."

बा पायरीवर बसला. मी त्याच्या बाजूला उभी राहिले.

गावात सगळे त्या माणसाला रावसाहेब म्हणत. मी इथं नुसतं 'तो' लिहिते. तेवढं पुरे.

ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. एकीत तो. दुसरीत कचेरीतला नवा साहेब, हेच घर घ्यायला आलेला. हैदराबाद राज्य मोडून जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि परभणीत असे साहेब गाडीगाडीनं उतरायला लागले. त्यांना घरं पाहिजेत, तीही बाजाराजवळची. ज्यांच्या बापजाद्यांनी गावात घरं बांधून ठेवली होती, त्यांना एकाएकी देवपण आलं. घर विकायचंय एवढं कुणापाशी बोलायचं आणि ओसरीवर बसून राहायचं. माणसं आपोआप येत. हात जोडत.

आम्हीही तसेच आलो होतो.

मी मुलींच्या शाळेत शिकवते. आम्ही राहायचो रुळांच्या पलीकडे, एका गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. सकाळी मालगाडी आली की फाटक बंद. मी फाटकाशी उभी, पलीकडे शाळेची घंटा ऐकत. आईचे गुडघे गेलेले. तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे बैलगाडी बघा. या गल्लीतून शाळा पाच मिनिटांवर. दवाखाना, बाजार, टेशन, सगळं पायी. आई भिंतीला धरत धरत का होईना, आपली आपण गेली असती. या घरासाठी बानं अर्धा कळप मोडला होता.

तो साहेबाशी इंग्रजीत बोलायला लागला. आमच्यासमोर. आमच्याविषयी.

धनगराची पोर मास्तरीण झाली तरी बाराखडीच शिकवत असणार, एवढीच त्याची अक्कल. बा मिशनच्या दवाखान्यात शेळीचं दूध घालायचा, तिथल्या मॅडमनी मला बोर्डिंगात नेलं, माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारलं कुठं होतं? त्याचं इंग्रजी ऐकून मॅडमनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तो म्हणत होता, "मी तर पुण्याला चाललो. माझ्यामागं इथं धनगर राहिला काय आणि मेंढरं राहिली काय. तुमच्यासारख्यांनी विचार करायचा. शेजारी तर मला म्हणतात, हा येत असेल तर साहेबांना आम्ही वर्गणी काढून देतो." साहेब हसला. तो पुढं म्हणाला, "थांबा. याला अजून वर नेतो. गंमत बघा."

मला सगळं कळलं. आणि मी गप्प बसले.

का, ते लिहायला पाहिजे. बोर्डिंगात विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी सवय लागली होती, हे एक. दुसरं, घर मला हवं होतं. वाटलं, बोलू दे. घर मिळालं की झालं.

मग तो बाला म्हणाला, "काय रे, तुमच्या बाजारात घोंगड्याखाली बोटं धरून सौदा करतात म्हणं? आपण पण तसंच करू. आण तुझं घोंगडं."

आता ते वास मारत नव्हतं.

बाला ती थट्टा वाटलीच नाही. मेंढरांच्या बाजारात घोंगड्याखाली हात म्हणजे जबान. कुठलं बोट, किती बोटं, ते दोघांनाच ठाऊक. तिसऱ्याला भाव कळत नाही, आणि कळू द्यायचा नसतो. भाव फोडणाऱ्याच्या हातात पुढच्या बाजारी कुणी हात देत नाही. बा घोंगडं घेऊन आला, दोघांच्या हातांवर पांघरलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. आपल्या ओळखीच्या रस्त्याला लागल्यासारखा. घोंगडं दोनतीनदा हललं. मग बानं मान डोलावली. "जमलं, मालक."

त्यानं हात काढून घेतला. धोतराला पुसला. आणि साहेबाकडं वळून भाव मोठ्यानं सांगितला. "एवढे द्यायला तयार हाय धनगर. बोला आता."

बाचा हात अजून घोंगड्याखालीच होता.

"मालक," बा हळू म्हणाला, "भाव फोडू न्हाई."

"अरे, हा काय बाजार हाय?"

"तुमीच हात घातला की."

साहेबानं भाव वाढवला. तो बाला म्हणाला, "साहेब एवढे देतात. वाढव तू."

बानं माझ्याकडं बघितलं. "वाढवू का, पोरी? ऱ्हायलेली मेंढरं बी लय चांगली हायत."

तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाले. आधी इंग्रजीत, साहेबाकडं बघून. मघापासून जे जे बोलणं झालं ते जसंच्या तसं त्याला परत ऐकवलं, त्याच्या हसण्यासकट. मग तेच मराठीत, बाला कळावं म्हणून.

साहेब लाल झाला. घरमालक म्हणाला, "बाई, दुसऱ्याच्या घरात येऊन असं बोलू नये."

मी म्हणाले, "घरात कुठं? तुम्ही आम्हाला पायरीवर ठेवलंय. आम्हाला हे घर नको."

आम्ही निघालो. फाटक बंद होतं. मालगाडीचे डबे जात राहिले आणि बा रुळांकडं बघत म्हणाला, "तुला पहिल्यापासनं कळायलं होतं. मग मला हात का घालू दिलास?"

शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं. बा पुढं निघाला, मागून मी.

घर साहेबानं घेतलं. आमच्या पाठीवर पाय देऊन चढवलेल्या भावात. त्या ओसरीवर आता साहेब वर्तमानपत्र वाचतो. मी मुद्दाम त्याच गल्लीतून शाळेला जाते. मी दिसले की पेपर वर जातो. त्याची अब्रू एका कागदाच्या आड मावते.

मी याच गावात घर घेणार आहे. बाजाराजवळ, आईला पायी जाता येईल असं. पुढच्या दारानं आत जाणार, खुर्चीवर बसणार, बाला बसवणार, आणि मग भावाचं बोलणार. कुणी माझ्यासमोर आपसात कुठल्याही भाषेत काही बोललं, तर ते मी तिथल्या तिथं, मोठ्यानं, माझ्या माणसांच्या भाषेत सांगणार. त्यापायी दहा घरं हातची गेली तरी सांगणार.